शरबतीची शेवटची पायरी

शुभदा, आधी एक तक्रार. तुझ्या शोकसभेत लोकांनी तुला 'शांत, संयमी, मृदुभाषी' करून टाकलं. मृदुभाषी हा शब्द आला तेव्हा मी तुझ्या नवऱ्याकडे, सतीशरावांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घातली. लोकांना वाटलं, त्यांना भरून आलं. मला पक्कं ठाऊक आहे, ते हसू दाबत होते. शाहपुऱ्यातल्या त्या भाजीवाल्याला बोलवायला हवं होतं, ज्याच्याशी तू रोज सकाळी मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालायचीस. त्याने नीट सांगितलं असतं.

मलाही दोन शब्द बोलायला लावलं. काय बोलले ते आठवत नाही. जे सांगायचं होतं ते तिथे सांगण्यासारखं नव्हतंच. त्यात काल आणखी एक घडलंय, आणि ते ऐकायला समोरच्या खोलीत तू नाहीस, म्हणून लिहायला बसले. कंटाळलीस तरी ऐक, तुला ऐकून घ्यायची सवय आहे.

किती वर्षं काढली ग आपण भोपाळातल्या त्या दोन खोल्यांत. मधे चिंचोळा पॅसेज, त्यात दोन खुर्च्या आणि चहाचा ओटा. डावीकडे मी, उजवीकडे तू, दोन्ही दारांवर एकच शब्द, मानसशास्त्रज्ञ, आणि आत दोन वेगळी दुकानं. माझ्याकडे सगळं शिस्तीत. माणूस घाबरतो तेव्हा नेमका काय विचार करतो ते कागदावर उतरवायचं, त्या विचाराला पुरावा मागायचा, आणि ज्याची भीती वाटते त्याच्याकडे एकेक पायरी करत जायचं. दर आठवड्याला गृहपाठ. तुझ्याकडे आज काय चालेल याचा पत्ता तुलाच नसायचा. एकीचं तासभर नुसतं ऐकून घेशील. दुसऱ्याला सांगशील, तुमच्या रागाला एक नाव द्या, तो घरात कधी शिरतो, कुठे बसतो, कोणाला बघून पळतो ते मला सांगा. तिसऱ्याला विचारशील, 'उद्या सकाळी उठलात आणि सगळं ठीक झालेलं असलं, तर तुमच्या बायकोला ते आधी कशावरून कळेल?' चौथ्याच्या अख्ख्या घराला बोलावून कोण कोणाशेजारी बसतं एवढंच बघत राहशील.

'तुला पद्धतच नाही,' मी म्हणायचे.

'तुला पद्धत सोडून काही नाही,' तू म्हणायचीस.

आणि मग दोघी जेवायला बसायचो.

जेवण म्हणजे तरी काय, तुझ्या क्लायंटांनी निवडलेली भाजी. हे बाहेर कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही. तुझ्या खोलीत मधे टेबल नव्हतं, परात होती. येणाऱ्याच्या हातात तू मेथीची जुडी नाहीतर वाटाण्याच्या शेंगा द्यायचीस, स्वतःही घ्यायचीस आणि दोघं निवडत बसायचात. 'आपल्या माणसांना समोर बसवून डोळ्यांत बघून बोला म्हटलं की ती तोंडी परीक्षेला आल्यासारखी बसतात,' असं तुझं म्हणणं. 'हात गुंतवले की तोंड मोकळं होतं.' मी तोंडावर हसायचे. पण ती मुलगी आठवते ना, भेटीमागून भेटी 'हो' आणि 'नाही'च्या पुढे न गेलेली? एक दिवस मेथीची पानं खुडता खुडता ती म्हणाली, 'मला त्या घरात परत जायचं नाही.' तू मान वर न करता म्हणालीस, 'परत जायचं नाही.' बस. तिचंच वाक्य तिच्या हातात परत ठेवलंस. मग जी बोलायला लागली, ती पुढची वेळ घेतलेले गृहस्थ पॅसेजमध्ये ताटकळले तरी थांबली नाही. त्या दिवशीची मेथी जरा कडूच झाली होती, पण मी परत मागून घेतली.

त्यावरून नावं पडली. एखादी केस अडली की आपण एकमेकींना विचारायचो, पण खरं नाव तोंडातून काढायचं नाही हा तुझा नियम कडक. म्हणून ती मेथी, तो वाटाणा, ते गवारवाले आजोबा. माझे बिचारे अ, ब, क. 'नागपूरहून सरकारी ऑफिसाबरोबर आलेलं घराणं तुमचं, माणसांना फायलीसारखे नंबर देणारच,' म्हणून तू मला चिडवायचीस, आणि मी तुमच्या ग्वाल्हेरच्या दरबारी मराठीवर घसरायचे. असो.

तर शरबती. त्यांनी स्वतः परवानगी दिली आहे म्हणून लिहिते. 'नाव नका टाकू मॅडम, बाकी सगळं लिहा,' असं म्हणाले. करोंदच्या मंडीत गव्हाचे व्यापारी, मूळ उज्जैनकडचं मराठी घर, वडिलांपासून हाच धंदा. मंडीत ट्रॉल्या लागल्या की व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे जातो, मूठभर गहू उचलून बघतो आणि बोली बोलतो. गेल्या हंगामात भर बोलीत यांची छाती धडधडायला लागली, हातपाय गार पडले आणि हे मूठ तिथेच सोडून पळाले. तपासण्या सगळ्या झाल्या. हृदय ठणठणीत. पण त्यानंतर मंडीचं गेट दिसलं तरी तेच व्हायचं, म्हणून मंडी सुटली. धाकटा भाऊ बोली बोलायला लागला आणि हे दिवसभर टीव्हीसमोर. घरच्यांनी हळूहळू त्यांना काही विचारायचंच सोडून दिलं. या हंगामात उभे राहिले नाहीत तर हा माणूस कायमचा घरी बसणार, हे तुला कळत होतं आणि त्यांनाही.

तुझ्याकडे आले तेव्हा शुद्ध मराठीत म्हणाले, 'थोडी अस्वस्थता वाटते.' तू विचारलंस, 'घरात भांडता कोणत्या भाषेत?' म्हणाले, 'हिंदीत.' 'मग हिंदीत सांगा.' तेव्हा कुठे खरं बाहेर आलं. 'जान निकल जाती है ताई. लगता है अब गया.'

तू त्यांच्यापुढे वाटाणे ठेवलेस. ते म्हणाले, हे बायकांचं काम, मी गल्ल्याचा, धान्याचा व्यापारी. तू उठलीस आणि घरी न्यायला म्हणून घेऊन ठेवलेल्या पिशवीतून ताटभर गहू काढून आणलेस. 'मग हे निवडा.' बराच वेळ ते ताटाकडे बघत राहिले. मग थोडे दाणे उचलले, एक दाताखाली फोडला आणि म्हणाले, 'ताई, शरबती म्हणून दिला का हा तुम्हाला? फसवलं. साधा लोकवन आहे.' जेवताना मला हे सांगून तू इतकी हसलीस की ठसका लागला. तेव्हापासून ते शरबती.

मी मात्र तुझ्या मागे लागले होते. 'शुभदा, त्यांना गप्पांनी काही होणार नाही. पायऱ्या करून दे, गृहपाठ दे. घबराहटीला माझंच औषध लागतं.' तू म्हणायचीस, 'बघू.' तुझ्या 'बघू'चा अर्थ 'नाही' होतो, हे मी कधीचं धरून चालले होते. आणि एक दिवस चहा गाळता गाळता तू सांगितलंस की गहू सुरू झाला की तू त्यांच्याबरोबर मंडीत जाणार आहेस. मी उडालेच. तयारी नाही, काही नाही, आणि ही बाई एकदम माणसाला मंडीत नेऊन उभं करणार. म्हटलं, 'आणि जायचंच तर एकट्याला जाऊ दे. तू बरोबर गेलीस की तू त्यांची कुबडी होशील. उद्या तू नसलीस तर?'

'तर तू जा,' तू म्हणालीस आणि कप माझ्या हातात दिलास.

वाद अर्धाच राहिला. दुपारचे क्लायंट आले. होळीच्या आधी तू गेलीस. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही, ते तुलाही आवडणार नाही.

मी रडले नाही. सगळे म्हणाले, काय सावरलंय हिने. न रडणं म्हणजे सावरणं नव्हे, हे मी रोज लोकांना सांगते. स्वतःला सांगायला सवड झाली नाही, तुझी माणसं दारात उभी होती. मेथीला नोकरी लागलीय, ती मला सांभाळून घ्यायलाच आली होती. गवारवाले आजोबा शोकसभेतल्यापेक्षा छान बोलले तुझ्याबद्दल. आणि एका सकाळी शरबती आले. मंडीत गहू यायला लागला होता.

मी ठरवलं, तुझ्या माणसाला तुझ्याच पद्धतीने. माझं काही मधे आणायचं नाही. हट्टच म्हण. माझ्या खोलीत न बसता तुझ्या खोलीत बसले. परात मांडली, ताटात गहू घेतले, चेहरा तुझ्यासारखा केला आणि गप्प झाले. ते म्हणाले, 'झोप लागत नाही मॅडम.' मी म्हटलं, 'झोप लागत नाही तुम्हाला.' ते म्हणाले, 'हो, तेच म्हणालो.' मी मान हलवली. पुढच्या भेटीतही हेच. त्यांनी काही म्हणावं, मी ते त्यांना परत करावं, मग दोघांनी गहू निवडावेत. शेवटी त्यांनी ताट बाजूला सारलं.

'मॅडम, तब्येत बरी आहे ना?'

'तब्येतीची काळजी वाटतेय तुम्हाला.'

'हो. तुमच्या.'

मग त्यांना राहवेना. 'ताई तर दर आठवड्याला काम द्यायच्या. तुम्ही काहीच देत नाही. हंगाम निघून चाललाय.'

'कसलं काम?' मी विचारलं. आता माझा स्वतःचा आवाज फुटला होता.

आणि शुभदा, मग तो माणूस मला माझंच सगळं शास्त्र सांगायला लागला. ते गव्हाचं ताट, ज्यावर आपण इतकं हसलो, ती पहिली पायरी होती. महिनोन् महिने गव्हाला हात न लावलेल्या माणसाच्या हातात तू गहू ठेवला होतास आणि विचारलं होतंस, 'घबराहट दहापैकी किती?' मग गाडीत बसून मंडीच्या गेटावरून जायचं. मग गेटाबाहेर चहा प्यायचा. मग रविवारी, आत कोणी नसताना, रिकाम्या शेडमध्ये फिरून यायचं. मग लिलाव चालू असताना लांब वजनकाट्यापाशी उभं राहायचं. धडधड झाली तर पळायचं नाही, जशी चढते तशी उतरते, ती उतरेपर्यंत जागा सोडायची नाही. सगळं झालं होतं. उरली होती फक्त बोली.

'ताई म्हणायच्या, ही पद्धत माझी नाही,' शरबती सांगत होते. 'समोरच्या खोलीत माझी मैत्रीण बसते, तिची आहे. खडूस आहे, पण घबराहटीच्या बाबतीत भोपाळमध्ये तिच्यासारखी दुसरी नाही. मी तिचंच चोरून करते. तिला सांगू नका, डोक्यावर बसेल.'

मी काय करणार? ताट पुढे ओढलं आणि गहू निवडत बसले. ते बिचारे थांबले. त्यांना वाटलं, मी परत तुझ्यासारखी करतेय.

काय ग हे? तुझं काय बिघडलं असतं मला एकदा तोंडाने सांगितलं असतंस तर? इतकी वर्षं रोज भांडलीस, माझ्या गृहपाठांची टिंगल केलीस, आणि कौतुक करायचं ते जाऊन त्या व्यापाऱ्यापाशी? मी घरी येईपर्यंत, पूर्ण कोलार रोडभर, गाडीत एकटीच तुला शिव्या देत होते. आणि मधूनमधून इतकं छान वाटत होतं की सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला बघायला लागला. बरं, आता तूही ऐकून घे. माझ्या त्या 'क'ला मी गेल्या पावसाळ्यात कागद बाजूला ठेवून तासभर नुसतं बोलू दिलं होतं. दार घट्ट लावून, तुला कळू नये म्हणून. कमालीचा फरक पडला. हेही तुला सांगायचं राहिलं. तुझी पद्धत चालते, शुभदा. नुसती चालत नाही, कधीकधी दुसरं काहीच चालत नाही. घे, लिहून दिलं.

राहिली शेवटची पायरी. माझ्या हिशोबाने त्यांनी एकट्यानेच जायला हवं होतं. मी तसं सांगितलं. 'ठीक आहे,' ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. तू समोर असतीस तर मी माझं म्हणणं सोडलं नसतं, तुला पुरून उरले असते. तू उत्तर द्यायला नाहीस म्हणून हरले. काल सकाळी मी करोंदला गेले.

धूळ, ऊन, ट्रॅक्टरांचे आवाज, आणि सगळ्या मंडीत माझ्यासारखी पर्स खांद्याला लावलेली बाई एकच. शेडच्या टोकाला आम्ही उभे राहिलो. घोळका पलीकडच्या ट्रॉलीपाशी होता, त्यात त्यांचा भाऊही. शरबती पांढरेफटक पडले होते, तळहात पँटला पुसत होते.

'दहापैकी किती?'

'आठ.'

'पळायचं नाही.'

'नाही.'

अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं चाललं होतं. मी स्वतःवर खूश होते. मग वेळ काढायला म्हणून त्यांनी जवळच्या ट्रॉलीतून मूठभर गहू उचलला आणि माझ्यापुढे तळहात उघडला. लांब, चमकदार, सोनेरी दाणे. 'हा बघा मॅडम, खरा शरबती. ताईंना दाखवायचा होता.'

आणि माझं सगळं सुटलं. श्वास आत जाईना. इतके दिवस कुठे होतं कोण जाणे, एकदम वर आलं. मी गाडीकडे वळले. मला तिथून पळायचं होतं, दार लावून घ्यायचं होतं. शरबती आडवे आले.

'मॅडम, पळायचं नाही.'

'मला जाऊ द्या.'

'चढतं तसं उतरतं. इथेच थांबा.'

'बसू का?'

'बसा. पण इथेच.'

भरल्या पोत्यावर बसून मी ओक्साबोक्शी रडले. लाजबीज काही उरली नाही. एक शेतकरी पाणी घेऊन आला आणि त्याने शरबतींना हळूच विचारलं, 'क्या हुआ, बहनजी को भाव नहीं मिला?' मी रडता रडता हसले, हसता हसता परत रडले. शरबती समोर उकिडवे बसले. पाठीवर थोपटलं नाही, समजूत घातली नाही. नुसते बसले. थोड्या वेळाने विचारलं, 'दहापैकी किती?' मी म्हटलं, 'दहा.' ते म्हणाले, 'बसू.' परत विचारलं तेव्हा मी म्हटलं, 'सात असेल.' तू कोणाला काय शिकवून गेलीस याचा मला तोवर नीट अंदाजच नव्हता.

तेवढ्यात घोळका आमच्या ट्रॉलीपाशी आला. बोली सुरू झाली. शरबतींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिकडे. त्या गव्हाच्या मानाने भाव फारच कमी चालला होता, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. 'अरे, हा काय भाव लावताहेत,' ते स्वतःशीच म्हणाले आणि उठून गेले. मला विचारलंही नाही. पहिला आकडा अर्धाच आला. दुसरा मात्र असा खणखणीत आला की धाकट्या भावाने वळून पाहिलं. पाहिलं, स्वतःची बोली थांबवली आणि थोरल्याला पुढे जागा करून दिली. ट्रॉली शरबतींच्या बोलीला सुटली.

आता मला सांग, हे एकटे गेले की मी बरोबर होते म्हणून गेले? मी म्हणेन, मी काय केलं, मी तर पोत्यावर बसून रडत होते. तू म्हणशील, रडत होतीस, पण तिथे होतीस ना. यावर आपण आठवडाभर सहज भांडलो असतो. मला ते भांडण हवंय ग. बाकी कशावाचून माझं अडत नाही, त्यावाचून अडतं.

घोळका पुढच्या ट्रॉलीकडे गेला, शरबती त्याच्याबरोबर गेले. मग त्याच्या पुढच्या. मी तोंड धुतलं, पर्स घेतली आणि निघते म्हणून हात वर केला. त्यांनी पाहिलं नाही. मी परत केला, चांगला उंच. छे. ते पाठ करून उभे होते, हातातला गहू कुणाच्या तरी नाकासमोर धरून तावातावाने काहीतरी पटवत होते. आपल्या दोघींना पार विसरले होते ते, शुभदा. मी तिथेच उभी राहून हसत सुटले.